चौथी पाळी : केमोथेरपी आणि घरची शुश्रूषा



वसंत व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय म्हटला म्हणजे बहुधा लढाया, तह, राज्यारोहणे किंवा संतांची चरित्रे यांची अपेक्षा असते. मी ज्या गोष्टीचा इतिहास सांगणार आहे ती कोणत्याही बखरीत सापडत नाही. आजारी माणसाच्या उशाशी कोण बसले, त्याची ओकारी कोणी काढली, रात्री दोन वाजता त्याच्या कपाळावर हात कोणी ठेवला, आणि या कामाची मजुरी कोणाला किती मिळाली, हा तो विषय होय. त्यातही कर्करोगावरचा औषधोपचार, ज्याला आपण केमोथेरपी किंवा नुसते केमो म्हणतो, तो चालू असताना घरी जी शुश्रूषा करावी लागते तिच्यापुरतेच मी बोलणार आहे.

मी डॉक्टर नाही आणि प्राध्यापकही नाही. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत व सार्वजनिक वाचनालयात जास्त झाले. अंधेरी, भांडुप, मुलुंड या पट्ट्यातल्या कामगारांची गाऱ्हाणी ऐकणे हा माझा अनेक वर्षांचा उद्योग आहे. पूर्वी गाऱ्हाणी बोनसची, बडतर्फीची, ओव्हरटाइमची असत. अलीकडे एक निराळे गाऱ्हाणे येऊ लागले आहे. कामगार येतो, खुर्चीच्या कडेवर बसतो आणि सांगतो की बायकोची केमो चालू आहे, सहा घ्यायच्या आहेत, दुसरीलाच माझी रजा संपली, आता काय करू? कधी एखादी भगिनी येते. नवऱ्याची केमो, सासूबाईंना नीट दिसत नाही, मुलगा दहावीला. औषध कोणते द्यायचे ते इस्पितळ ठरवते. घर कसे चालवायचे ते कोणी सांगत नाही.

या गाऱ्हाण्याचे मूळ शोधता शोधता मी इतिहासाकडे वळलो आणि मला जे दिसले ते असे. कर्करोगावरचे औषध जसजसे सुधारत गेले तसतशी शुश्रूषा इस्पितळातून निघून आपल्या दोन खोल्यांच्या घरात आली. गिरणीत तीन पाळ्या असत. ही चौथी पाळी आहे. ती कोणत्याही हजेरीपटावर नाही.

प्लेगाचे साल

मुंबईत शुश्रूषा हा सार्वजनिक भांडणाचा विषय झाला तो १८९६ साली. त्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. मग रोगी हुडकून काढून त्याला आर्थर रोडच्या इस्पितळात नेण्याचा सपाटा सुरू झाला. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगार त्या इस्पितळावर चालून गेले. आज ते इस्पितळ कस्तुरबा रुग्णालय या नावाने आपल्याला माहीत आहे.

हा निव्वळ अडाणीपणा होता असे म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण त्या कामगाराची भीती नीट पाहा. त्याच्या मते आजारी माणसाचे औषध दोन प्रकारचे होते. एक बाटलीतले आणि दुसरे जवळच्या माणसाच्या हातचे. सरकार पहिल्याचे नाव सांगून दुसरे काढून घेत होते, आणि पहिले तर त्या वेळी कोणापाशीच नव्हते. पुढे ज्ञातीज्ञातींनी आपापली प्लेग इस्पितळे काढली आणि आपले लोक शुश्रूषेला आहेत असे दिसताच विरोध पुष्कळ निवळला.

याच काळात दोन माणसे शुश्रूषा करता करता गेली आणि दोघांचेही स्मरण येथे करणे माझे कर्तव्य आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची पहिली सभा स्थापन केली आणि १८९० साली कामगाराला रविवारची सुट्टी मिळवून दिली. प्लेगाच्या दिवसांत रोग्यांसाठी इस्पितळ उभारून ते काम पाहत असतानाच त्यांना प्लेग झाला आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते वारले. त्यानंतर जेमतेम महिन्याने, १० मार्च १८९७ रोजी, पुण्याजवळ सावित्रीबाई फुले वारल्या. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ माळावर प्लेगाच्या रोग्यांसाठी दवाखाना घातला होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथे आणले आणि त्यांना प्लेगाने गाठले. कामगार चळवळीचा आद्य पुढारी आणि स्त्रीशिक्षणाची आद्य शिक्षिका, दोघेही रोग्याच्या सेवेत गेले. असे असूनही आम्ही युनियनवाल्यांनी शुश्रूषा हा कामगारांचा प्रश्न मानला नाही, तो बायकांचा मानला.

नर्स म्हणजे कोण

ज्या व्याख्यानमालेच्या नावाने आपण येथे जमलो आहोत तिची मूळ कल्पना न्यायमूर्ती रानड्यांची. पुण्यात १८७५ साली त्यांनी ती सुरू केली. न्यायमूर्तींच्या पश्चात त्यांच्या पत्नी रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन काढले. मुंबईत त्याच्या आदल्या वर्षी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी त्याच नावाची संस्था काढली होती. पुण्याच्या सेवासदनातून बायका ससून इस्पितळात परिचारिकेचे काम शिकू लागल्या. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणे, मलमूत्र काढणे, हे काम त्या वेळच्या पांढरपेशा घरांना हलके वाटे. विधवांना त्यासाठी पाठवणे हे धाडस होते. एकाच घरातून महाराष्ट्राला व्याख्यान ऐकण्याची सवय लागली आणि रोग्याची सेवा हा शिकण्याचा धंदा आहे ही समजूतही मिळाली, हे मला महत्त्वाचे वाटते.

घरी जाऊन शुश्रूषा करणारी शिकलेली नर्स ही कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. इंग्लंडात लिव्हरपूलच्या विल्यम रॅथबोन या व्यापाऱ्याची बायको १८५९ साली आजारी होऊन गेली. तिच्या सेवेसाठी त्याने मेरी रॉबिन्सन नावाची नर्स ठेवली होती. त्याच्या मनात आले की माझ्या पैसेवाल्या घरात जर या बाईवाचून इतके अडले असते, तर गोदीतल्या मजुराच्या घरात काय होत असेल? त्याने त्याच बाईला गरिबांच्या घरोघर जाण्यासाठी पगारावर ठेवले आणि पुढे फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या सल्ल्याने अशा नर्सेस तयार करण्याची शाळा काढली. शहराचे विभाग पाडून प्रत्येक विभागाला एक नर्स द्यायची, ही पद्धत तेथून निघाली. आपल्याकडे इस्पितळे आली, नर्सिंगच्या शाळा आल्या, पण विभागाची नर्स म्हणून जी बाई असायला हवी ती आपल्या वॉर्डापर्यंत येऊन पोचली नाही. तिची जागा रिकामी राहिली आणि ती कोणी भरून काढली ते पुढे येईलच.

गिरणीतल्या बायकांपासून औषधापर्यंत

आता केमोच्या औषधाकडे वळतो. या औषधाच्या इतिहासाचे एक टोक युद्धातल्या विषारी वायूत आहे. मोहरीच्या वायूने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात हे ध्यानात आल्यावर त्याच जातीचे रसायन १९४२ साली अमेरिकेत येल येथे कर्करोगाच्या रोग्याला टोचले गेले. ही हकीकत पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते. दुसरे टोक आपल्या परळला आहे आणि ते आपल्याच लोकांना ठाऊक नसते.

परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८९९ साली प्लेगाची प्रयोगशाळा आली. तीच पुढे हाफकिन इन्स्टिट्यूट झाली. तेथे १९२८ साली ल्युसी विल्स नावाची इंग्लिश डॉक्टरीण आली. गरोदर बायकांना होणाऱ्या एका जीवघेण्या पांडुरोगाचा शोध घेण्याचे काम तिच्याकडे होते. हा रोग गरीब बायकांत, विशेषतः कापड गिरण्यांत राबणाऱ्या बायकांत, फार दिसे. विल्सबाईंनी त्यांचे खाणे तपासले आणि अन्नात काहीतरी कमी पडते हे ओळखले. मार्माइट नावाचा यीस्टचा स्वस्त अर्क दिल्यावर या बायका सुधारू लागल्या. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्या अर्कातले जे द्रव्य गुणकारी होते ते पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखले गेले. आज गरोदर बाईला दवाखान्यात जी गोळी फुकट मिळते तिच्या मुळाशी मुंबईच्या या बायकांचे रक्त आहे. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव काम करीत होते. त्यांच्या हाताखालच्या मंडळींनी फॉलिक ॲसिड कृत्रिम रीतीने तयार केले. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांना आढळले की रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना हे द्रव्य दिले तर रोग उलट भडकतो. मग त्याचा प्रतिरोध करणारे द्रव्य दिले तर? सुब्बारावांच्या मंडळींनी असे द्रव्य करून दिले आणि १९४८ साली फार्बर यांनी जाहीर केले की सोळा मुलांपैकी दहांचा रोग काही काळ मागे हटला. सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारले. या कुळातले मेथोट्रेक्सेट हे औषध आजही वापरात आहे. १९५६ साली गर्भाच्या वारेतून उद्भवणारा एक कर्करोग याच औषधाने बरा झाला. घन गाठीचा कर्करोग नुसत्या औषधाने बरा होण्याची ती पहिली वेळ. गिरणीतल्या गरोदर बायकांपासून निघालेला धागा असा पुन्हा बाळंतिणींपर्यंत आला.

इस्पितळ ते घर

ज्या १९३१ साली विल्सबाईंचा शोध प्रसिद्ध झाला त्याच साली लेडी मेहेरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. त्यांच्यामागून वर्षभरात सर दोराबजी टाटाही गेले. त्यांच्या नावाच्या न्यासाने परळला, हाफकिनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, टाटा मेमोरियल हॉस्पिटल बांधले. ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९५७ साली ते केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे आणि १९६२ साली अणुऊर्जा खात्याकडे गेले. आरंभीचा काळ शस्त्रक्रियेचा आणि किरणांचा होता. डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांच्यासारख्या शस्त्रवैद्यांनी तो गाजवला, आणि इस्पितळाच्या रस्त्याला आज त्यांचेच नाव आहे. त्या काळी रोगी खाटेवर पडून राही आणि त्याची शुश्रूषा सिस्टर करी. घरच्या माणसाचे काम डबा पोचवणे आणि बाहेर बाकावर बसणे हे होते.

याच काळात आपली उपनगरे मुंबईत आली. १९५० साली पालिकेची हद्द वाढून अंधेरी आणि घाटकोपर आत आले. १९५७ साली ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव ओस पडू लागले तसे कामगारही इकडे सरकले. माणसे उत्तरेला गेली आणि कर्करोगाचे मोठे सरकारी इस्पितळ परळलाच राहिले. बोरिवलीच्या किंवा मुलुंडच्या रोग्याला लोकल गाडी हाच उपचाराचा पहिला टप्पा झाला. कर्करोग्याला कागद दाखवून दिव्यांगांच्या डब्यातून जाता येते, एवढी सोय रेल्वेने केलेली आहे. पुष्कळांना ती माहीत नसते म्हणून मुद्दाम सांगतो.

आता बदल कसा झाला ते पाहा. १९७३ साली इटलीत मिलान येथे डॉ. बोनाडोना यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर तीन औषधांचा मेळ देऊन पाहण्यास प्रारंभ केला. १९७६ साली त्याचे निष्कर्ष आले. त्या तिघांत मेथोट्रेक्सेट होतेच. गाठ काढून टाकल्यावरही कित्येक महिने औषध चालू ठेवायचे, आणि तेही बाई घरी राहून, ठरल्या दिवशी इस्पितळात येऊन घेईल, अशी ही पद्धत होती. पण सिसप्लाटिनसारख्या औषधांनी ओकाऱ्या अशा होत की रोग्याला घरी पाठवण्याची सोय नव्हती. १९९१ साली अमेरिकेत ऑन्डॅनसेट्रॉन या ओकारी थांबवणाऱ्या औषधाला आणि पांढऱ्या पेशी वाढवणाऱ्या इंजेक्शनला मान्यता मिळाली. ही दोन हाताशी येताच खाटेची गरज उरली नाही. सकाळी यायचे, खुर्चीत बसून सलाइन घ्यायचे आणि संध्याकाळी घरी जायचे. याला डे-केअर म्हणतात.

हा बदल वाईट झाला असे मी म्हणत नाही. घरी झोप लागते, घरचे अन्न मिळते, इस्पितळातला संसर्ग टळतो, खर्च वाचतो, आणि मोकळी झालेली खाट दुसऱ्याला मिळते. प्लेगाच्या सालातल्या कामगाराने मागितले असते तेच हे आहे. पण सिस्टरचे काम घरी पाठवताना तिचे शिक्षण, तिचा पगार आणि तिची साप्ताहिक सुट्टी यांपैकी काहीही घरी पाठवले गेले नाही.

एकवीस दिवसांचा हिशेब

मी युनियनचा माणूस असल्याने हिशेब मांडल्यावाचून माझे समाधान होत नाही. पुष्कळ केमो एकवीस दिवसांच्या फेऱ्याने देतात. एकवीस दिवसांचे तास होतात ५०४. त्यातले इस्पितळात जातात समजा आठ. उरले ४९६. सहा फेऱ्या धरल्या तर घरचे तास होतात २,९७६. आठ तासांची एक पाळी धरली तर ३७२ पाळ्या. या सगळ्या वेळात सतत काम असते असे नाही, पण कोणीतरी जागे आणि जवळपास असावे लागते. गिरणीत यंत्र बंद असताना उभ्या असलेल्या कामगारालाही हजेरी मिळे.

आता काम काय असते ते पाहू, कारण काम नीट ओळखल्याखेरीज त्याची वाटणी करता येत नाही.

पहिले दोन दिवस मळमळीचे आणि सांडलेल्या औषधाचे. रोग्याच्या ओकारीत, लघवीत, घामात औषधाचा अंश असतो. सुमारे ४८ तास हातमोजे घालून साफसफाई करावी, संडासात दोनदा पाणी सोडावे, कपडे निराळे धुवावेत. घरात गरोदर बाई असेल तर हे काम तिच्याकडे देऊ नये. एकच मोरी आणि सामाईक संडास असलेल्या चाळीत हे पाळणे कठीण असते, म्हणून ते आधी ठरवून ठेवावे लागते. ओकारीची गोळी ओकारी झाल्यावर द्यायची नसते. डॉक्टरांनी लिहिलेल्या वेळेला, आधीच द्यायची असते. काही रोग्यांना छोटा पंप गळ्यात अडकवून घरी पाठवतात आणि तो दोन दिवस औषध सोडत राहतो. दंडात किंवा छातीत नळी बसवलेली असते. तिचे ड्रेसिंग शिकलेल्या हातानेच आणि वेळेवरच व्हायला हवे.

सातव्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंतचा काळ सर्वांत धोक्याचा. रोगी वरून बरा दिसू लागतो, आलेगेले पाहुणे म्हणतात की आता रंग परतला, आणि नेमक्या त्याच वेळी रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात. या दिवसांत ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्यावर गेला तर ती आगीची घंटा समजावी. तापाची गोळी घरची घरी देऊन सकाळची वाट पाहू नये. गोळीने ताप दबतो, संसर्ग दबत नाही. रात्री दोन वाजले असले तरी इस्पितळाला फोन करावा आणि निघावे. कोणत्या गाडीने जायचे, बरोबर कोण येणार, फाइल कोठे आहे, पैसे कोठे आहेत, हे केमोच्या आधीच ठरलेले असावे. सगळ्या व्याख्यानातली ही एकच गोष्ट आपण घरी नेलीत तरी मला पुरे आहे.

बाकीचे काम रोजचे आहे. तोंड आले तर मिठाच्या आणि खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने वरचेवर चुळा भरणे. अन्न ताजे आणि पुरते शिजलेले, शिळे नाही, उघड्यावरचे नाही. फळ सालीचे, धुऊन व सोलून. प्यायचे पाणी उकळलेले. हात धुणे सगळ्यांनी, पाहुण्यांनीसुद्धा. औषधांची वही ठेवणे. येथे एक खास इशारा देतो. मेथोट्रेक्सेटची गोळी कर्करोगात आणि संधिवातातही बहुधा आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतते. तेव्हा वार ठरवून तो वहीत मोठ्या अक्षरांत लिहावा. तसेच शेजारणीने सांगितलेले टॉनिक, काढा किंवा शक्तीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. विल्सबाईंच्या शोधातले जे द्रव्य अशक्त बाळंतिणीला तारते त्याच द्रव्याशी या औषधाचे वैर आहे, हे आपण आताच पाहिले.

ही पाळी भरतो कोण

हे सारे काम करते कोण? बायको, सून, मुलगी, बहीण. पुरुष करत नाहीत असे नाही. मी स्वतः पाहिले आहे की सोळा सोळा तास यंत्रावर उभा राहणारा गडी बायकोच्या जखमेचे ड्रेसिंग हळुवार हाताने करतो. पण ज्या घरात बाईलाच कर्करोग होतो त्या घरात पुष्कळदा असे दिसते की केमोच्या तिसऱ्या दिवशी ती ओट्यापाशी उभी असते. तिची शुश्रूषा करणारी जी होती तीच आता रोगी आहे, आणि तिच्या जागी बदली कामगार कोणी घेतलेला नाही.

ज्यांना शक्य असते ते ब्यूरोची बाई ठेवतात. रॅथबोनने पगारावर ठेवलेल्या नर्सची जागा आपल्याकडे तिने भरून काढली आहे. ती बारा तासांची पाळी करते, कधी चोवीस तासांची. महिन्याचा खर्च लहान कामगाराच्या पगाराच्या जवळ जातो आणि त्यातला काही भाग ब्यूरो ठेवून घेतो. बाईने पुष्कळदा नर्सिंगचे कसलेही शिक्षण घेतलेले नसते. ती इंजेक्शन देऊ शकत नाही आणि तिच्याकडून ती अपेक्षाही करू नये. तिला हातमोजे कोण देणार, केमोच्या औषधाचा धोका तिला कोण समजावणार, तिची आठवड्याची सुट्टी कोणती, हे कोणी विचारत नाही. लोखंड्यांनी रविवार मिळवला त्याला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. आपल्या आईची सेवा करणाऱ्या बाईला आपण तो देतो का, हे प्रत्येकाने आपल्या घरी पाहावे. घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा महाराष्ट्राने २००८ साली केला, पण रोग्याजवळची बाई मोलकरीण की नर्स या वादात तिची नोंद कोठेच होत नाही.

कायद्याचे दुसरे अंग कामगार विम्याचे. १९४८ सालच्या कायद्याने आलेली कामगार राज्य विमा योजना मुंबईत १९५४ साली सुरू झाली. मुलुंड, कांदिवली, अंधेरी येथील तिची इस्पितळे आपल्या ओळखीची आहेत. विमेदार कामगाराला स्वतःला कर्करोग झाला तर दीर्घ आजाराचा लाभ म्हणून पगाराच्या ऐंशी टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. त्यासाठी दोन वर्षांची सलग विमेदारी आणि ठरलेली वर्गणी लागते. हा हक्क फार थोडे लोक वापरतात, कारण तो त्यांना कोणी सांगत नाही. पण तोच कामगार बायकोच्या किंवा आईच्या केमोसाठी घरी राहिला तर त्याला त्यातला एक पैसाही मिळत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत केमोचा खर्च बसतो, घरी ठेवलेल्या बाईची मजुरी बसत नाही. खाजगी कारखान्यातल्या कामगाराला घरच्या आजाऱ्याच्या शुश्रूषेसाठी म्हणून निराळी रजा कायद्याने दिलेली नाही.

काय करता येईल

औषधाच्या किमतीबाबत लढून काय होते ते आपण पाहिले आहे. यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरच्या एका गोळीचा महिन्याचा खर्च २ लाख ८० हजार रुपये होता. मार्च २०१२ मध्ये मुंबईच्याच पेटंट कचेरीतून सक्तीचा परवाना निघाला आणि ती ८,८८० रुपयांना देण्याची अट पडली. १ एप्रिल २०१३ रोजी रक्ताच्या कर्करोगावरच्या गोळीच्या पेटंटचा दावा सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. त्या भांडणात मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रोग्यांची संस्था उभी होती. औषध घरात आले ते असे. शुश्रूषेसाठी असे भांडण अजून कोणी मांडलेले नाही.

मांडता येते, याचा दाखला केरळात आहे. मलप्पुरम जिल्ह्यात १९९९ साली शेजाऱ्यापाजाऱ्यांनी गट करून, थोडे शिक्षण घेऊन, असाध्य रोग्यांच्या घरी जाण्यास प्रारंभ केला. २००८ साली त्या सरकारने धोरण केले आणि पुढे ग्रामपंचायती व नगरपालिका पगारी नर्स घरोघर पाठवू लागल्या. मुंबईतही शांती अवेदना सदन १९८६ सालापासून वांद्र्याला आहे आणि टाटा इस्पितळाच्या वेदनाशामक विभागाची माणसे १९९६ नंतर रोग्यांच्या घरी जाऊ लागली. परंतु हे काम मुख्यतः रोग पुढे गेलेल्यांसाठी आहे. ज्याची केमो चालू आहे आणि जो बरा होऊन कामावर परतणार आहे, त्याच्या घराचे काय?

माझे म्हणणे दोन भागांत आहे. पहिला भाग आपल्या हातातला. घरात कोणाची केमो ठरली की पहिल्या रात्री सगळ्यांनी बसून हजेरीपट लिहावा. एकवीस रकाने, प्रत्येकात नाव. रात्रीची जाग कोणाची, इस्पितळात कोण जाणार, स्वयंपाक कोणाचा, सात ते चौदा दिवसांत घर सोडून कोणी जायचे नाही. रकाना रिकामा राहिला तर तो लपवू नये. शेजारी, नातलग, कारखान्यातले सोबती यांच्यापुढे ठेवावा. लोक पैशाची मदत विचारायला येतात, त्यांना पाळी द्यावी. ज्या बाईचे नाव सगळ्या रकान्यांत येते तिला दर आठवड्याला एक दिवस पूर्ण मोकळा ठेवावा, कारण थकलेल्या माणसाकडून औषधाची वेळ चुकते.

दुसरा भाग मागण्याचा. पालिकेच्या आरोग्य केंद्रांतून घरोघर जाणाऱ्या आरोग्यसेविका आपल्याकडे आहेत. त्यांना केमोच्या रोग्याची देखभाल शिकवावी आणि त्या कामाचा रीतसर पगार द्यावा. प्रत्येक वॉर्डात नळीचे ड्रेसिंग करणारी, इंजेक्शन देणारी, रात्री फोनवर उत्तर देणारी एक शिकलेली नर्स असावी, म्हणजे घाटकोपरच्या रोग्याला एका सुईसाठी परळ गाठावे लागणार नाही. कामगाराला घरच्या रोग्यासाठी पगारी रजा हवी. ब्यूरोच्या बाईची नोंद, शिक्षण आणि साप्ताहिक सुट्टी हवी. यांतली कोणतीही मागणी आकाशातली नाही. रविवारची सुट्टीही एके काळी अशक्य कोटीतलीच होती.

इतिहासातली आणखी एक गोष्ट सांगून थांबतो. २०२० साली परळच्या टाटा इस्पितळातल्या डॉक्टरांनी तोंडाच्या, घशाच्या, बरे न होणाऱ्या कर्करोगाच्या ४२२ रोग्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिरेतून सिसप्लाटिन देण्याऐवजी कमी मात्रेत मेथोट्रेक्सेट आणि एक साधी वेदनाशामक गोळी घरी घेऊन रोगी सरासरी साडेसात महिने जगले. शिरेतल्या औषधावरचे सहा महिन्यांच्या किंचित वर. गोळ्या स्वस्त, आणि खाटेची गरज नाही. ज्या परळात गिरणीतल्या बायकांच्या रक्तातून या औषधाचा शोध निघाला तेथेच ते गरिबाच्या घरी पोचण्याजोगे झाले. ही केवढी मोठी गोष्ट आहे! पण गोळी घरी आली म्हणजे त्या महिन्यांची शुश्रूषाही घरीच आली. औषध घरी जाईल तसतसा हजेरीपट लांबत जाणार आहे. त्यावर नावे कोणाची असतील हे आज ठरवले नाही, तर ती आपोआप घरातल्या बायकांचीच पडतील.